घरगुती संगणकातील स्मृतीची निवड : नेसरी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

'स्मृती' हा शब्द शीर्षकात पाहून नेसरीशी परिचित असलेल्या वाचकास २४ फेब्रुवारी १६७४ या दिवसाचे आणि सरनोबत प्रतापराव गुजर यांच्या स्मारकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र फार अलीकडचा आणि वरकरणी क्षुल्लक वाटावा असा आहे. घरात संगणक आणताना त्यात 'रॅम' किती घालावी, हा तो विषय होय. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गडहिंग्लज, चंदगड, आजरा या तालुक्यांतील शेकडो पगारदार कुटुंबांनी हा प्रश्न कधी ना कधी दुकानदाराच्या टेबलासमोर बसून सोडविला. त्याची नोंद इतिहासाने घेतलेली नाही. शेतीची अवजारे, गिरण्या, मोटारगाड्या यांचा सामाजिक इतिहास मराठीत थोडाफार लिहिला गेला. घरगुती संगणकाच्या बाबतीत मात्र आपल्यापाशी जाहिरातींपलीकडे फारसे काही नाही.

रॅम ही संगणकाची कार्यकारी स्मृती होय. चालू काम तीत मांडलेले असते आणि वीज गेली की ते पुसले जाते. हार्ड डिस्क हा साठा निराळा. मराठी व्यवहारात दोहोंनाही 'मेमरी' म्हटले जाते आणि या शब्दसंकरामुळे अनेक ग्राहकांनी मोठी डिस्क घेऊन लहान रॅमवर समाधान मानले, असे आढळते. 'चाळीस जीबीची मेमरी आहे' असे अभिमानाने सांगणाऱ्या घरात प्रत्यक्ष रॅम १२८ एमबी असे. सदर लेखात 'स्मृती' हा शब्द केवळ रॅम या अर्थाने योजिला आहे.

स्मृती किती घालावी याचे उत्तर गरजेवरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, आपल्या भागात ते उत्तर गरजेपेक्षा अन्य गोष्टींनी ठरविले. आयात, किंमत, वीज आणि लिपी या त्या गोष्टी होत. यांपैकी लिपीचा प्रश्न आजवर सर्वाधिक दुर्लक्षित राहिला असून त्याचे परिणाम अद्याप संपलेले नाहीत.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम घरात नव्हे, तर प्रयोगशाळेत उद्भवला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्याची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांनी विणलेली होती आणि तिच्यातील प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. आजच्या परिमाणात ती स्मृती अवघ्या काही किलोबाइटांची भरते. देशातील अणुसंशोधनाची आकडेमोड ज्या स्मृतीत बसविली गेली तीत आजच्या युनिकोड लिपीतील मराठीचे फार तर एखाददुसरे छापील पान मावेल. या तुलनेत चमत्कृती आहे खरी. परंतु मुद्दा चमत्कृतीचा नाही. स्मृती अपुरी असल्याने तेथील मंडळींना काम आधी कागदावर तुकड्यांत विभागावे लागे. स्मृतीचा अभाव माणसाच्या श्रमाने भरून काढला जात होता. हा विनिमय पुढेही प्रत्येक टप्प्यावर दिसतो.

आणखी एक बाब नोंदवावी लागेल. फेराइट कड्यांची स्मृती चुंबकीय असल्याने वीज गेली तरी टिकून राहत असे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी एका ट्रान्झिस्टरवर आणि एका धारित्रावर आधारित स्मृतिपेशीची कल्पना मांडली. त्या मार्गाने आलेली स्मृती स्वस्त झाली, दाट झाली, परंतु विस्मरणशीलही झाली. तीतील विद्युत्‌भार सेकंदाच्या अंशात गळतो, म्हणून तो सतत पुन्हा भरावा लागतो. १९७० साली बाजारात आलेल्या इंटेलच्या ११०३ या चिपमध्ये १०२४ बिट मावत. स्वस्ताईच्या बदल्यात आपण विजेवरचे अवलंबित्व स्वीकारले. हा सौदा अमेरिकेत वा जपानमध्ये कोणाला जाणवलाही नसेल. नेसरीत तो कसा जाणवला, ते पुढे येईलच.

सोळा की अठ्ठेचाळीस

घरगुती ग्राहकापुढे स्मृतीची निवड अगदी स्पष्टपणे ठेवणारे पहिल्या काही यंत्रांपैकी एक म्हणजे इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा संगणक. एप्रिल १९८२ मध्ये तो दोन रूपांत विक्रीस आला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांस आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांस. बाकी सर्व सारखेच. म्हणजे ५० पौंड हे निव्वळ ३२ किलोबाइट स्मृतीचे मोल होते. स्वस्त यंत्र घेणाऱ्याच्या लक्षात नंतर येई की, १६ किलोबाइटपैकी ६९१२ बाइट तर पडद्यावरील चित्रच व्यापून टाकते. उरलेल्या नऊ किलोबाइटांत बहुतेक चांगले खेळ मावतच नसत. छापील आकडा आणि वापरता येणारा आकडा यांतील हे अंतर त्या वेळेपासून आजतागायत ग्राहकाच्या वाट्याला आलेले आहे.

भारतात हा संगणक १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स या कंपनीने परवान्याखाली 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने विकला. तत्पूर्वी १९८४ साली केंद्र शासनाच्या 'क्लास' या प्रकल्पांतर्गत निवडक शाळांना ३२ किलोबाइट स्मृतीचे बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नवे संगणक धोरण जाहीर होऊन आयातीवरील बंधने काही प्रमाणात सैल झाली. असे असले तरी ही यंत्रे महानगरांतील सुखवस्तू घरांपुरती व मोजक्या शाळांपुरतीच मर्यादित राहिली. आपल्या भागापुरते बोलायचे तर हा इतिहासपूर्व काळच समजावा लागेल.

आयबीएमच्या 'पीसी'ची परंपरा मात्र सर्वदूर पोहोचली. १९८१च्या त्या यंत्राचा प्रक्रियक १ मेगाबाइटपर्यंतच स्मृती ओळखू शकत असे आणि त्यातील ६४० किलोबाइट कामासाठी मोकळे ठेवलेले होते. ६४० किलोबाइट कोणालाही पुरेसे आहेत, असे उद्गार बिल गेट्स यांच्या नावावर आजही शिक्षकांच्या व्याख्यानांत ऐकू येतात. त्यांस आधार सापडत नाही आणि स्वतः गेट्स यांनीही ते नाकारले आहेत. इतिहासाच्या अध्यापकांनी तरी ती आख्यायिका वर्गात सांगू नये.

कोटेशनवरील आकडा

आपल्या परिसरात घरगुती संगणकाचा प्रवेश साधारणतः २००० नंतर झाला. त्यामागे तीन कारणे दिसतात. भारत १९९७ साली माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि संगणकाच्या सुट्या भागांवरील आयातशुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. दुसरे असे की, सुटे भाग आणून जोडलेला 'असेंबल्ड' संगणक नाममुद्रांकित संगणकापेक्षा बराच स्वस्त पडे आणि त्याची जोडणी करणारे तरुण कोल्हापूर, बेळगाव, गडहिंग्लज येथे सहज उपलब्ध झाले. तिसरे व सर्वांत प्रभावी कारण म्हणजे २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम. शासकीय सेवकांस संगणक अर्हता आवश्यक ठरल्यावर प्राथमिक शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, लिपिक असा सारा वर्ग संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागला. वर्ग संपला की सरावासाठी घरी संगणक हवा, ही मागणी ओघानेच आली.

प्रस्तुत लेखकाचे वडील त्यांपैकीच एक. प्राथमिक शिक्षकाच्या घरात २००३च्या दिवाळीनंतर, पतसंस्थेचे कर्ज काढून, संगणक आला. त्या वेळचे कोटेशन अद्याप घरच्या कागदपत्रांत आहे. त्यावर रॅमच्या रकान्यात '१२८ एमबी' असा आकडा असून कडेला पेन्सिलीने '२५६ = जादा १२००' असे लिहिलेले आहे. हे बाराशे रुपये हाच त्या संध्याकाळच्या चर्चेचा विषय होता. "गुरुजी, एकशे अठ्ठावीसात भागतंय, लागलंच तर पुढं टाकू की," असा सल्ला दुकानदाराने दिला. आईचा प्रश्न वेगळाच होता. लाइट गेल्यावर हे किती वेळ चालणार? अखेर ते बाराशे रुपये रॅमऐवजी यूपीएसमध्ये गेले.

हा निर्णय चुकीचा होता, असे आज म्हणणे सोपे आहे. तत्कालीन माहितीच्या आधारे पाहिले तर तो अनाठायी नव्हता. विंडोज ९८ या प्रणालीची किमान अपेक्षा १६ एमबीची होती. विंडोज एक्सपी या नव्या प्रणालीने ६४ एमबी किमान आणि १२८ एमबी शिफारशीचे म्हणून सांगितले होते. म्हणजे कोटेशनवरचा आकडा उत्पादकाच्या शिफारशीबरहुकूम होता. अडचण अशी की, शिफारस ही केवळ प्रणालीपुरती असते. तिच्यावर चालणारी विषाणूरोधक आज्ञावली, मुद्रणयंत्राची आज्ञावली, लेखनाची आज्ञावली यांचा हिशेब त्या आकड्यात नसतो. शिवाय स्वस्त मदरबोर्डावर चित्रासाठी स्वतंत्र स्मृती नसे. ती मुख्य स्मृतीतूनच काही एमबी काढून घेतली जाई. स्पेक्ट्रमच्या ६९१२ बाइटांची गोष्ट वीस वर्षांनी वेगळ्या वेषात पुन्हा घडत होती.

स्मृती अपुरी पडली तर संगणक बंद पडत नाही. तो नुसता मंद होतो. रॅममध्ये न मावणारा भाग प्रणाली हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते व लागेल तेव्हा परत आणते. रॅमला ज्या कामास काही दशांश नॅनोसेकंद नव्हे, पण पाचपन्नास नॅनोसेकंद लागतात, त्याच कामास त्या काळच्या डिस्कला सुमारे दहा मिलिसेकंद लागत. फरक लाखपटीहून अधिक. पीटर डेनिंग या संशोधकाने १९६८ साली मांडलेल्या 'कार्यसंच' या संकल्पनेत याचे नेमके स्पष्टीकरण आहे. कोणत्याही कामाला एका वेळी स्मृतीचा एक विशिष्ट भाग सतत लागतो. तो भाग रॅममध्ये मावला की जादा रॅमने फारसा लाभ होत नाही आणि तो थोडासा जरी उणा पडला तरी वेग कोसळतो. म्हणून 'जितकी जास्त तितकी बरी' हा दुकानातील उपदेश आणि 'किमान आहे ना, भागेल' हा घरातील उपदेश, दोन्ही सारखेच भोंगळ होत. विचारावयाचा प्रश्न एकच असतो. या घरात एका वेळी कोणकोणती कामे उघडी राहणार? तो प्रश्न २००३ साली आमच्या टेबलावर कोणीही विचारला नाही.

परिणामी एक्सपी घातलेला तो संगणक सुरू होऊन स्थिर व्हायला चहा करून पिण्याइतका अवधी घेऊ लागला. तीन-चार महिन्यांत वडिलांनी ओळखीच्या तरुणाकडून एक्सपी काढून पुन्हा विंडोज ९८ घालून घेतले. यंत्र चपळ झाले. घरातील सर्वांना समाधान वाटले. खरा परिणाम कोणाच्या लक्षात आला नाही.

लिपीचा भार

तो परिणाम समजण्यासाठी संगणकावरील मराठीच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकने विकसित केले. त्याचे कार्ड संगणकात बसविले की डॉसवरील मजकुराच्या आज्ञावल्या भारतीय लिपींत चालत. भारतीय लिपींसाठी एका चिन्हास एक बाइट देणारी 'इस्की' ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली होती.

ही झाली प्रमाणांची कथा. प्रत्यक्ष बाजारात वेगळेच घडत होते. विंडोजच्या आगमनानंतर मराठी मजकूर उतरविण्यासाठी आठ बिटांचे फाँट वापरात आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे योगेश, सुरेख आदी फाँट ही त्यांची सर्वपरिचित उदाहरणे. या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात. काना, वेलांटी, अर्धा त, अर्धा स असे प्रत्येकास एकेक घर दिलेले असते. संगणकाच्या दृष्टीने तो रोमन मजकूरच. फक्त त्याचा मुखवटा देवनागरी. त्यामुळे प्रणालीला देवनागरी कळण्याची गरज नसते आणि १६ वा ३२ एमबीच्या विंडोज ९८ वरही मराठी पत्रिका, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका सुबक उमटत. गडहिंग्लजच्या डीटीपी व्यवसायाचा पाया याच पद्धतीवर घातला गेला, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही.

युनिकोडमध्ये मात्र 'कि' या अक्षरातील क आणि वेलांटी हे उच्चाराच्या क्रमाने साठविले जातात. वेलांटी आधी काढणे, जोडाक्षर जुळविणे, रफार योग्य जागी नेणे ही कामे प्रणालीने करावयाची असतात. विंडोजच्या घराण्यात देवनागरीसाठी ही व्यवस्था प्रथम विंडोज २००० मध्ये आली आणि घरगुती ग्राहकांपर्यंत ती एक्सपीतून पोहोचली. एक्सपीतही ती आपोआप मिळत नसे. नियंत्रणकक्षात जाऊन खूण करावी लागे व बहुधा मूळ सीडी घालावी लागे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवनागरी मजकुराला युनिकोडमध्ये जास्त जागा लागते, हे खरे. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात, तर इस्कीत एक. तरीसुद्धा पानाला दोन हजार चिन्हे धरून दोनशे पानांच्या मराठी ग्रंथाचा हिशेब केला, तर तो बारा लाख बाइट, म्हणजे सव्वा एमबीच्या आतच राहतो. १२८ एमबीच्या संगणकाला तो जड नव्हता. जड होती ती देवनागरी जाणणारी संपूर्ण प्रणाली. मराठीला स्मृती थोडीच लागत होती. मराठी ज्या दाराने आत येत होती, त्या दाराचे भाडे अधिक होते. २००३ साली ते भाडे आमच्या कोटेशनवरील पेन्सिलीच्या आकड्याइतके, म्हणजे बाराशे रुपये होते.

आमच्या घरी विंडोज ९८ परत आले, तेव्हा युनिकोडचे दार बंद झाले. वडिलांनी २००४ ते २००७ या काळात त्या यंत्रावर पुष्कळ लेखन केले. त्यात शाळेचे अहवाल होते, निवडणुकीच्या कामाच्या याद्या होत्या. आणि त्यातच आजीकडून व शेजारच्या वाड्यांवरील वृद्ध स्त्रियांकडून ऐकून टंकलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. सुमारे तीस पाने. ती फाइल आज उघडली असता रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि उच्चारचिन्हे यांची रांगोळी दिसते. वापरलेला फाँट कोणता होता, हे वडिलांना आठवत नाही. तो त्या तरुणाने 'घालून दिलेला' होता. आजी २०११ साली गेली. ज्यांच्या तोंडून त्या ओव्या आल्या त्यांपैकी आता कोणी हयात नाही.

या हानीचे संपूर्ण खापर १२८ एमबीवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. त्या काळी डीटीपीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख आज्ञावल्याच युनिकोड देवनागरी हाताळत नव्हत्या. भरपूर स्मृती असलेल्या मुद्रणालयांतही आठ बिटांचेच फाँट चालत राहिले व काही ठिकाणी ते आजही चालतात. इन्स्क्रिप्ट कळफलकाची सवय नसणे, हेही एक कारण होते. तथापि, मुद्रणालयाला युनिकोडची गरज नव्हती; त्याचे काम कागदावर संपत होते. घरातील लेखनाचे काम कागदावर संपत नव्हते. ते फाइलमध्येच राहणार होते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला होता, म्हणजे त्या दिवाळीपूर्वीच युनिकोड मराठीत लिहिणारे लोक अस्तित्वात होते. त्यांत आपल्या भागातील शिक्षकांना सामील होता आले नाही, याला अनेक कारणे असतील. रॅम हे त्यांतील सर्वांत स्वस्त कारण होते, म्हणूनच ते अधिक बोचते. अशा फाइलींचे रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र फाँट ओळखता आला पाहिजे, ही त्यांची पहिली अट.

भारनियमन

आईच्या प्रश्नाकडे परत जाणे आवश्यक आहे, कारण तो त्या चर्चेतील सर्वांत शहाणा प्रश्न होता. २००० नंतरच्या दशकात, विशेषतः जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आल्यानंतरच्या काही वर्षांत, ग्रामीण महाराष्ट्राने दिवसातील कित्येक तासांचे भारनियमन सोसले. रॅम विजेवर जगते. डेनार्ड यांच्या पेशीतील भार गळण्याचा जो क्षण अमेरिकेत पाठ्यपुस्तकात राहिला, तो नेसरीत रोज सायंकाळी अनुभवास येत होता. अर्धा तास टंकलेला मजकूर 'सेव्ह' न केल्यास क्षणात नाहीसा होई. अशा परिस्थितीत दुप्पट स्मृती घेणे म्हणजे गमावण्याची क्षमता दुप्पट करणे, असे कोणी म्हटले असते तर ते अगदीच चूक ठरले नसते. यूपीएस घेतला म्हणून वडिलांच्या ओव्या निदान डिस्कवर पोहोचल्या. त्या वाचता येत नाहीत, हा वेगळा भाग. पाश्चात्त्य देशांत लिहिलेल्या संगणकखरेदीच्या मार्गदर्शनात या दोन खर्चांची तुलना क्वचितच आढळेल. आपल्याकडे ती अपरिहार्य होती.

'पुढे वाढवू'

खेड्यात घर बांधताना स्लॅबवर कॉलमच्या सळया उघड्या सोडण्याची रीत आहे. पैसे आले की वरचा मजला चढवायचा. मदरबोर्डावरील रिकामा खाचा ही त्याच वृत्तीची खूण होय. दुकानदाराचे "पुढं टाकू की" हे वाक्य त्यामुळे आपल्या मनाला सहज पटते. परंतु सळई गंजली तरी तिच्यावर तोच कॉलम चढतो; स्मृतीचे तसे नाही. १६८ टोकांची एसडीरॅम, १८४ टोकांची डीडीआर, २४० टोकांची डीडीआर-२, आणि टोके तितकीच पण खाच वेगळी असलेली डीडीआर-३, असा प्रवास दहा-बारा वर्षांत झाला आणि यांतील एकही दुसरीच्या जागी बसत नाही. २००८ साली, सहाव्या वेतन आयोगाच्या आशेवर, आम्ही १२८ एमबीची आणखी एक पट्टी विचारली, तेव्हा त्या प्रकारची नवी पट्टी बाजारात उरलीच नव्हती आणि जुनी पट्टी डीडीआर-२ पेक्षा महाग होती. स्वस्त होईपर्यंत थांबावे तर ती दुर्मिळ होते. वरचा मजला कधी चढलाच नाही.

त्याच सुमारास उलट दिशेची फसगतही सुरू झाली होती. ४ जीबी स्मृती घेतलेल्या ग्राहकास ३२ बिटांच्या विंडोजमध्ये सव्वातीन जीबीच्या आसपासच दिसे. ३२ बिटांत मोजता येणाऱ्या पत्त्यांची मर्यादाच ४ जीबी आहे आणि त्यातील काही पत्ते इतर उपकरणांसाठी राखलेले असतात. याचा उलगडा न झाल्याने दुकानदाराने फसविल्याची तक्रार करणारे प्राध्यापकही प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत तर स्मृती मदरबोर्डालाच डाख देऊन बसविलेली असते. तेथे सळया सोडण्याचा प्रश्नच मिटला.

किंमत कोण ठरवितो

स्मृतीची किंमत सतत घसरते, हा समज दीर्घ कालखंडापुरता खरा आहे. ग्राहक मात्र एका विशिष्ट आठवड्यात खरेदी करतो. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यास आग लागली, चिपांच्या आवरणासाठी लागणाऱ्या राळेचा पुरवठा खुंटला आणि जगभर स्मृती महागली. २१ सप्टेंबर १९९९च्या तैवानमधील भूकंपानंतर पुन्हा तेच झाले. याहून गंभीर बाब म्हणजे याच काळात मोठ्या उत्पादकांनी संगनमताने किमती ठरविल्याचे अमेरिकेच्या न्याय विभागाने उघडकीस आणले. इन्फिनिऑनला २००४ मध्ये १६ कोटी डॉलर, तर २००५ मध्ये हायनिक्सला १८.५ कोटी आणि सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला. संगनमताचा तो काळ १९९९ ते २००२ असा सांगितला जातो. महाराष्ट्रातील शिक्षक याच वर्षांत दुकानांतून कोटेशने गोळा करू लागले होते.

२०२५च्या उत्तरार्धापासून तसाच काळ पुन्हा आला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांसाठी उत्पादकांनी आपली क्षमता वळविल्यामुळे घरगुती स्मृतीचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या कंपनीने 'क्रूशियल' या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही संपला होता. विंडोज ११ची किमान अपेक्षा ४ जीबी आहे. पण किमान या शब्दाचा अर्थ आपण २००३ सालीच शिकलो आहोत. न्याहाळकाच्या पंधरा-वीस खिडक्या, एक ऑनलाइन बैठक आणि एक लेखनाची आज्ञावली एकदम उघडी ठेवणाऱ्या अध्यापकास ८ जीबी काठावरचे व १६ जीबी स्वस्थतेचे ठरतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यांच्या लॅपटॉपात स्मृती नंतर वाढविता येत नाही त्यांनी तर हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावयाचा आहे. त्याहून अधिक स्मृती चित्रफिती संपादित करणाऱ्यांसाठी.

घरगुती कागद

या विषयाची साधने अद्याप घराघरांत आहेत आणि ती झपाट्याने रद्दीत जात आहेत. संगणकाची कोटेशने, पतसंस्थेच्या कर्जाचे अर्ज, हमीपत्रे, जुन्या सीडींवरील फाइली, त्या फाइलींत वापरलेल्या फाँटांची नावे. यांपैकी शेवटची बाब सर्वांत मोलाची, कारण फाँटाचे नाव कळले तर मजकूर परत मिळविता येतो. ज्या सहकाऱ्यांनी वा त्यांच्या पालकांनी २०१० पूर्वी घरी मराठी लेखन केले असेल, त्यांनी जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील फाँटांची यादी उतरवून ठेवावी, अशी विनंती आहे. आजवर प्रस्तुत लेखकापाशी नेसरी आणि आसपासच्या गावांतून पाच कोटेशने जमा झाली आहेत. त्यांतील सर्वांत जुने १९९८चे आहे. त्यावर रॅमच्या रकान्यातील '१६ एमबी' हा आकडा शाईने खोडून वर '३२' लिहिले आहे. एकूण रकमेचा आकडा मात्र बदललेला नाही.